दोन्ही घरचा पाहुणा



रस्त्यावर एखादी नवी मोटार उभी दिसली, की तिच्याभोवती लगेच चार माणसे जमतात. कोणी तिचा रंग पाहतो, कोणी काचेला नाक लावून आत डोकावतो. आणि एक प्रश्न तर हमखास विचारला जातो, "गाडी ॲव्हरेज किती देते?" म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर धावते? प्रश्न अगदी साधा आहे. पण आज मी तुम्हांला अशा एका मोटारीविषयी सांगणार आहे, की जिच्या बाबतीत या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. उलट ती मोटारच जणू आपल्याला विचारते, "माझा मालक कसा आहे, ते आधी सांगा!"

या मोटारीचे नाव शेव्हरोले व्होल्ट. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने ती तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये ती अमेरिकेतील ग्राहकांच्या हाती पडली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. भारतात ती कधी विकली गेली नाही. मग आपण तिच्याविषयी का वाचायचे? कारण यंत्र चांगले असले, तरी माणसाच्या सवयी तशा नसतील तर काय होते, हे या मोटारीइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे कोणी शिकवील. माझे हे म्हणणे पटते की नाही, ते तुम्ही शेवटी ठरवा.

आधी तिची रचना समजून घेऊ. पेट्रोलच्या मोटारीत इंजिन असते. विजेच्या मोटारीत बॅटरी आणि विद्युत मोटर असते. 'हायब्रीड' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आपल्याकडे शेतकरी हायब्रीड ज्वारी म्हणतात, ती दोन वाणांच्या संकरातून तयार होते. हायब्रीड मोटारीतही असाच संकर असतो; तिच्यात इंजिन आणि विद्युत मोटर अशी दोन्ही यंत्रे असतात. साध्या हायब्रीड मोटारीची बॅटरी लहान असते. ब्रेक लावताना जी शक्ती एरवी वाया गेली असती, ती या बॅटरीत साठते. तिला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. व्होल्ट मात्र 'प्लग-इन हायब्रीड' आहे. तिची बॅटरी मोठी असते आणि ती आपण घरातल्या विजेवर चार्ज करू शकतो. मोबाईल जसा रात्री चार्जिंगला लावून झोपतो, तशीच ही मोटार दारात लावायची.

पहिल्या व्होल्टच्या बॅटरीत १६ युनिट वीज मावत असे. बॅटरी लवकर खराब होऊ नये म्हणून त्यांतील सुमारे १० युनिटच वापरली जात. या बॅटरीचा आकार इंग्रजी 'टी' अक्षरासारखा होता आणि तिचे वजन १९८ किलो होते. म्हणजे ५० किलोची जवळजवळ चार पोती या मोटारीच्या पोटात कायम असत! बॅटरी मोटारीच्या मधून गेल्यामुळे मागे तिसऱ्या माणसाला बसायला जागाच उरली नाही. तिच्यात चौघेच बसू शकत. बॅटरीच्या जोडीला १.४ लिटरचे छोटे पेट्रोल इंजिन आणि सुमारे ३५ लिटरची टाकी होती.

आता ही मोटार चालायची कशी? बॅटरी भरलेली असेल तोवर ती पूर्णपणे विजेवर धावे. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. विद्युत मोटर पहिल्या क्षणापासून जोर लावते, म्हणून सिग्नल सुटला की ती झटकन पुढे निघे. थांबलेल्या अवस्थेतून ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठायला तिला सुमारे ९ सेकंद लागत. लहान कुटुंबाच्या मोटारीला एवढे पुष्कळ झाले. अमेरिकी सरकारच्या चाचणीनुसार एका चार्जवर ती ५६ किलोमीटर जात असे. बॅटरी संपली, की इंजिन आपोआप सुरू होई आणि वीज तयार करू लागे. वेगाच्या काही स्थितींत ते चाकांनाही थोडा हात देई. बॅटरी आणि पेट्रोल मिळून ती सुमारे ६१० किलोमीटर जाऊ शके. वाटेत वीज संपून अडकून पडण्याची भीती तिच्या मालकाला नव्हती.

तुम्ही म्हणाल, फक्त ५६ किलोमीटर? पण या आकड्यामागे विचार होता. सुमारे ७८ टक्के अमेरिकी लोकांचा कामावर जाण्यायेण्याचा रोजचा प्रवास ४० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरच्या आत असतो, असे सरकारी आकडेवारीच्या आधाराने कंपनी सांगत होती. अशा माणसाला रोज शेकडो किलोमीटरची बॅटरी कशाला हवी? रोजच्या जाण्यायेण्यापुरती वीज आणि कधीतरी लांब जायचे असेल तेव्हा पेट्रोल, असा हा हिशेब होता. मला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. इथे पाय किती लांब आहेत ते पाहून अंथरूण शिवले होते.

तरीही काही लोकांनी या मोटारीची थट्टा केली. ती धड पेट्रोलची नाही आणि धड विजेचीही नाही, असे ते म्हणत. आपल्याकडे अशा वेळी 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण वापरतात. दोन घरी जेवणाचे आमंत्रण असले, की प्रत्येक घराला वाटते, पाहुणा दुसरीकडे जेवला असेल. शेवटी बिचारा उपाशीच झोपतो. व्होल्टचे खरोखरच असे झाले का? चला, गणित करून पाहू.

समजा, तीन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच रंगाच्या तीन व्होल्ट घेतल्या. पहिला शेजारी रोज ५० किलोमीटर जातो आणि रात्री न चुकता प्लग लावतो. त्याला पेट्रोल जवळजवळ लागतच नाही. रोज सुमारे ११ युनिट वीज मात्र लागते. दुसरा शेजारी रोज १०० किलोमीटर जातो आणि तोही रात्री प्लग लावतो. त्याचे ५६ किलोमीटर विजेवर होतात आणि ४४ किलोमीटर पेट्रोलवर. पेट्रोलवर ही मोटार लिटरला १५.७ किलोमीटर जाते. म्हणजे त्याला रोज २.८ लिटर पेट्रोल लागते. १०० भागिले २.८ करा. त्याची गाडी लिटरला सुमारे ३६ किलोमीटर 'देते'. तिसरा शेजारी आळशी आहे. तो प्लग कधी लावतच नाही. त्याची तीच मोटार लिटरला १५.७ किलोमीटरच देते.

मोटार एक, कारखाना एक, किंमत एक. पण उत्तरे तीन! तिसऱ्या शेजाऱ्याची गंमत तर पुढेच आहे. त्याच वेळी बाजारात टोयोटा कंपनीची प्रियस ही साधी हायब्रीड मोटार मिळत होती. अमेरिकी चाचणीनुसार ती लिटरला सुमारे २१ किलोमीटर जात असे, तेही प्लग न लावता. म्हणजे आमच्या आळशी शेजाऱ्याने जास्त पैसे मोजून कमी 'ॲव्हरेज' विकत घेतले. तो पेट्रोलच्या घरी जेवतो आणि विजेच्या घरची चार पोती उगाच डोक्यावर वाहतो.

येथे आपल्याला आणखी एक गोष्ट लक्षात येते. ऑगस्ट २००९ मध्ये, मोटार बाजारात येण्याआधीच, कंपनीने जाहीर केले होते, की व्होल्ट शहरात एका गॅलनला २३० मैल जाईल. आपल्या मापात हे लिटरला सुमारे ९८ किलोमीटर होतात. लोक थक्क झाले. हा आकडा खोटा होता का? अगदी खोटा म्हणता येणार नाही. मालक नियमित चार्ज करील आणि बहुतेक प्रवास विजेवर होईल, असे गृहीत धरून तो काढलेला होता. नंतर सरकारने मोटारीच्या काचेवर लावायचे अधिकृत पत्रक ठरवले. त्यात विजेवरचा आकडा वेगळा आणि पेट्रोलवरचा आकडा वेगळा, असे स्पष्ट दिले होते. माझ्या मते, तेच प्रामाणिक होते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. सरासरीचा आकडा दिसला, की ती सरासरी कोणाकोणाची, हे विचारायला शिकले पाहिजे. वर्गात एका मुलाला ९५ आणि दुसऱ्याला १५ गुण मिळाले, तर सरासरी ५५ येते. पण ५५ गुण मिळवणारा मुलगा त्या वर्गात बसलेलाच नसतो!

आता तुम्ही विचाराल, "सर, ही झाली गणितातली माणसे. खरी माणसे काय करतात?" हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मोजून मिळवलेले आहे, आणि ते दोन ठिकाणी दोन प्रकारचे मिळाले.

अमेरिकेत 'ईव्ही प्रोजेक्ट' नावाचा एक मोठा प्रकल्प झाला. त्यातील मोटारींच्या नोंदी आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने तपासल्या. त्यातील व्होल्ट मोटारींनी आपला सुमारे तीन-चतुर्थांश प्रवास विजेवर केला होता. केवळ विजेवर चालणारी निसान लीफ ही मोटार वर्षाला जितके अंतर जात होती, त्याच्या जवळपास तितके अंतर व्होल्ट नुसत्या विजेवर गेली होती. म्हणजे या पाहुण्याचे पोट चांगले भरले. मात्र एक गोष्ट विसरू नका. हे मालक हौसेने पुढे आलेले होते आणि प्रकल्पातून त्यांच्या घरी चार्ज करण्याची सोय करून दिलेली होती.

युरोपातले चित्र वेगळे दिसले. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी २०२१ साली नोंदलेल्या लाखो मोटारींमधील मोजमाप-यंत्रांची माहिती वापरली होती. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारी प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत होत्या. प्लग-इन हायब्रीड मोटारींचे उत्सर्जन मात्र प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले! कागदावर त्या स्वच्छ होत्या, रस्त्यावर नव्हत्या.

असे का झाले? त्याचे एक कारण जर्मनीची फ्रॉनहोफर संस्था आणि आयसीसीटी ही संशोधन संस्था यांच्या २०२२ सालच्या अभ्यासात सापडते. युरोपात ज्यांनी स्वतःच्या पैशाने अशी मोटार घेतली, त्यांचा ४५ ते ४९ टक्के प्रवास विजेवर होत होता. ज्यांना ती कचेरीकडून मिळाली होती, त्यांचा मात्र फक्त ११ ते १५ टक्के प्रवास विजेवर होत होता. कारण ओळखणे अवघड नाही. कचेरीच्या मोटारीत पेट्रोल बहुधा कचेरीच्या पैशाने भरले जाते, पण घरी चार्ज केले तर विजेचे बिल स्वतःच्या खिशातून जाते. मग प्लग कोण लावणार? आणि गंमत पहा, असे वागणारी माणसे वाईट नसतात. सोय जिकडे असते तिकडे माणूस वळतो. म्हणून केवळ माणसाला दोष देऊन चालणार नाही. सोय कशी केली आहे, हेही पाहिले पाहिजे.

येथे मला माझे मत स्पष्टपणे मांडायचे आहे. अमेरिकेत व्होल्टची किंमत सुरुवातीला सुमारे ४१,००० डॉलर होती. ती विकत घेणाऱ्याला सरकार करात ७,५०० डॉलरपर्यंत सवलत देत असे. ही सवलत मोटार घेतल्याबद्दल होती, प्लग लावल्याबद्दल नव्हती. आपल्या तिसऱ्या शेजाऱ्यालाही ती पहिल्याइतकीच मिळाली असती. जनतेचा पैसा यंत्र विकत घेण्यासाठी देण्यापेक्षा, ते यंत्र नीट वापरता यावे म्हणून खर्च करणे मला अधिक योग्य वाटते. घरांच्या आवारात आणि कामाच्या ठिकाणी चार्ज करण्याची सोय करावी. विजेवर खरोखर किती अंतर कापले, ते मोजावे आणि मग सवलत द्यावी. युरोपने २०२५ पासून नव्या मॉडेलांच्या चाचणीचा हिशेब कडक केला आणि मालक विजेवर किती प्रवास करील याचे गृहीत धरलेले प्रमाण कमी केले. हे पाऊल मला योग्य दिशेचे वाटते.

काही जण आणखी एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, "वीज तरी कोठून येते? कोळसा जाळूनच ना? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१० साली, म्हणजे व्होल्ट बाजारात आली त्या वर्षी, अमेरिकेतील सुमारे ४५ टक्के वीज कोळशापासून तयार होत होती. पण २०२३ साली हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. आता विचार करा. २०१० साली घेतलेली व्होल्ट तेरा वर्षांनी जुनी झाली, तिचा रंग उडाला. पण तिला मिळणारी वीज पूर्वीपेक्षा स्वच्छ झाली. पेट्रोलच्या मोटारीचे असे होत नाही. आड स्वच्छ केला, की पोहऱ्यातले पाणी आपोआप स्वच्छ होते. मात्र त्यासाठी पोहरा आडात सोडावा लागतो, म्हणजे प्लग लावावा लागतो.

व्होल्टमध्ये दोषच नव्हते, असे मी म्हणत नाही. ती महाग होती. एकाच मोटारीत दोन यंत्रे सांभाळावी लागत. कडक थंडीत माणसांना ऊब देण्यातच बरीच वीज खर्च होई आणि ५६ किलोमीटरचे अंतर बरेच कमी होई. २०१६ सालच्या नव्या मॉडेलात यांतील काही दोष कमी केले गेले. बॅटरी १८.४ युनिटची झाली, मोटार सुमारे १०० किलोने हलकी झाली आणि एका चार्जवर ८५ किलोमीटर जाऊ लागली. पेट्रोलवरचे 'ॲव्हरेज'ही लिटरला सुमारे १८ किलोमीटर झाले. तरीही ग्राहक लहान मोटारींकडून उंच, मोठ्या मोटारींकडे वळत होते आणि बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यामुळे पूर्णपणे विजेच्या मोटारीही पुढे येत होत्या. अमेरिकेत दीड लाखांहून अधिक व्होल्ट विकल्या गेल्यानंतर कंपनीने तिला निरोप दिला. खप थांबला म्हणून काही जण तिला अपयशी म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्या मालकांनी तिला नीट वापरले, त्यांना तिने सांगितलेले काम करून दाखवले.

शेवटी या मोटारीतील एक छोटीशी सोय सांगतो. ती मला फार आवडते. काही मालक इतके नियमित प्लग लावत, की त्यांचे इंजिन आठवडेच्या आठवडे सुरूच होत नसे. पण न वापरलेले इंजिन खराब होते आणि टाकीतले पेट्रोलही शिळे होते. म्हणून सुमारे सहा आठवडे इंजिन चालले नाही, तर मोटार मालकाला तशी सूचना देऊन ते थोडा वेळ सुरू करी. पेट्रोल साधारण एक वर्ष जुने झाले, तर ते जाळून टाकी. म्हणजे चांगल्या सवयीच्या मालकासाठीसुद्धा अभियंत्यांनी विचार करून ठेवला होता! पण प्लग न लावणाऱ्याचा हात धरून प्लग लावणारे यंत्र त्यांना बनवता आले नाही. ते कोणालाच बनवता येणार नाही. ते काम माणसाचे आहे.

तेव्हा मित्रांनो, पाहुणा उपाशी राहतो, तो आमंत्रणे दोन असतात म्हणून नाही. जेवणाच्या वेळी त्याला हाक मारायला कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून तो उपाशी राहतो. तुमच्यापैकी कोणी उद्या मोटार दुरुस्त करील, कोणी विकील, कोणी विकत घेईल, तर कोणी तिच्यासाठी कायदे करील. तेव्हा "गाडी ॲव्हरेज किती देते?" हे जरूर विचारा. पण एवढ्यावर थांबू नका. हा आकडा कोणत्या सवयीच्या माणसाचा आहे, हेही विचारा. आणि मग स्वतःला विचारा, "रोज रात्री, झोप आली असताना, बाहेर पाऊस पडत असताना, मी उठून प्लग लावणार आहे का?" या प्रश्नाचे खरे उत्तर जो देऊ शकेल, त्यालाच आपल्या मोटारीचे ॲव्हरेज कळेल.